मशीनच्या डाव्या हाताला

प्रभा योगवर्गातून परत आली ती मागच्या दारानं. एरवी ती दुकानातून यायची, कुणी गिऱ्हाईक बसलेलं असलं तर दोन शब्द बोलायची, मग आत जायची. त्या दिवशी मागची कडी वाजली आणि मी मान वळवून पाहिलं. ऐन उन्हाळ्यात तिनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला होता.

“थंडी वाजतेय की काय?” मी मशीनवरूनच विचारलं.

“तुमचं काम करा.”

मी काम थांबवलं आणि आत गेलो. ती पलंगावर भिंतीकडे बघत बसली होती.

“कुणी काही बोललं का?”

तिनं पदर बाजूला केला. ब्लाऊज उजव्या बाजूनं काखेपासून कमरेपर्यंत गेला होता.

“चौगुले बाई म्हणाल्या, अजून वाका, अजून वाका. मी वाकले. टर्रकन आवाज झाला. सगळ्या हॉलला ऐकू गेला.”

“मग?”

“मग काय! ती आडत्याची मंदा म्हणाली, अगं बाई, टेलरच्या बायकोचा ब्लाऊज! दिव्याखाली अंधार तो हाच. सगळ्या हसल्या. मीही हसले. न हसून करते काय?”

मी वाकून पाहिलं. शिवण जाग्यावर होती, तिच्या कडेचं कापड फाटलं होतं. तिला हसवावं म्हणून मी म्हणालो, “बघ, माझी शिवण शाबूत आहे. फाटलं ते गिरणीवाल्याचं कापड.”

ती हसली नाही. म्हणाली, “उद्यापासून मी जायची नाही. वजन काही उतरत नाही, उगाच शोभा. ते चिंध्यांचं पोतंच बसू दे तिथं.”

प्रभाला जाऊन आता सहा वर्षं झाली. हे त्याच्याही चार-पाच वर्षं आधीचं. पोतं कुठलं, ते सांगतो.

आम्ही तासगावचे पतंगे. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. समोर माझं मशीन, मागं कपाट, एका कोपऱ्यात पडदा. मशीनच्या डाव्या हाताला खाली सतरंजी, ती प्रभाची जागा. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती तिथं मांडी घालून बसायची आणि हातशिलाई करायची. हुक, काज, तुरपाई, सगळं तिच्याकडे. ब्लाऊज मशीनवर झाला की मी दोरा तोडायचो आणि डावा हात खाली करायचो. मान वळवायची नाही, काही बोलायचं नाही. ती तो काढून घ्यायची. लग्न झालं तेव्हा मला तिच्याशी काय बोलावं ते सुचत नसे, तेव्हापासूनची ही सवय. पुढं बोलणं जमायला लागलं, तरी ती सवय तशीच राहिली. गिऱ्हाइकं गंमतीनं म्हणायची, मास्तरांच्या हाताला डोळे आहेत. डोळे कसले, तिथं ती आहे हे हाताला माहीत होतं, एवढंच.

पाळी थांबली आणि तिचं अंग सुटायला लागलं. खाणं काही वाढलं नव्हतं. आधी उठताना मशीनचा पाय धरावा लागायचा, मग माझा खांदा. एक दिवस ती उठूच शकली नाही. मी आणि शेजारच्या वहिनी, दोघांनी मिळून तिला उठवलं. त्यानंतर ती आत पलंगावर बसून काम करायला लागली. मी स्टूल आणून पाहिलं. स्टुलावर तिचे पाय सुजायचे, शिवाय हातशिलाईला मांडीचा आधार लागतो, तो मिळेना. तिची जागा रिकामी बरी दिसत नव्हती म्हणून मी तिथं चिंध्यांचं पोतं ठेवलं. ब्लाऊज झाला की मी उठायचो आणि आत नेऊन द्यायचो. पण हाताची सवय जाईना. कितीदा तरी मी डावा हात खाली करायचो आणि तो पोत्याला लागायचा.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, नाही तर गुडघे बदलावे लागतील. आणि बदलल्यावर खाली बसायचं नाही, कधीच. प्रभा दवाखान्यातून बाहेर आली आणि म्हणाली, “मग ते गुडघे घेऊन काय करू? ओवाळू?”

म्हणून आम्ही मणेरीकर वैद्यांकडे गेलो. वैद्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली. मग विचारलं, “दुपारी झोपता?”

“जरा पाठ टेकते.”

“ती टेकायची नाही. गोड?”

“चहातलं असतं तेवढंच.”

“आणि गिऱ्हाइकांचे पेढे,” मी म्हणालो. कुणाच्या लग्नाचे ब्लाऊज चांगले बसले की पेढे यायचेच.

प्रभानं माझ्याकडे असं पाहिलं की वैद्य हसले. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. ज्वारीची भाकरी, मुगाचं कढण, कुळथाचं पिठलं. दिवेलागणीला जेवण उरकायचं. झोपताना त्रिफळा चूर्ण. सकाळी कुळथाचं कोरडं पीठ अंगाला चोळायचं, खालून वर. आणि चौगुले बाईंच्या योगवर्गाला जायचं.

“वजन उतरेल तेव्हा उतरेल,” ते म्हणाले. “या वयात शरीर हट्टी होतं. त्याच्याशी भांडू नका. आधी सांधे मोकळे करू.”

प्रभानं एवढंच विचारलं, “मला खाली बसता येईल का?”

“घाई करू नका. बघू.”

मी घरी आलो ते एकच डोक्यात घेऊन, वजन उतरलं पाहिजे. वजन उतरलं की ती पोत्याच्या जागी येऊन बसेल.

पीठ चोळायचं काम माझ्याकडे आलं. पाठीला तिचा हात पोचायचा नाही, आणि पोटऱ्यांपर्यंत वाकायला जमायचं नाही. सकाळी न्हाणीघरात ती पाटावर बसायची आणि मी चोळायचो. पीठ नाकात जाऊन मला शिंका यायच्या.

“अहो, कापडावर खडू ओढल्यासारखं काय करताय? जोर लावा की.”

“दुखेल तुला.”

“दुखायचं ते दुखतंच आहे.”

गावातल्या बायकांची मापं घेण्यात माझा जन्म गेला. टेप टाकायचा, नजर भलतीकडं ठेवायची, आकडा बोलायचा. स्वतःच्या बायकोच्या पोटऱ्या मी तेव्हा पहिल्यांदा उजेडात पाहिल्या. शिरा वर आल्या होत्या. गुडघ्यांच्या आतल्या बाजूला सूज होती. ती तिथं हात लावू द्यायची नाही.

एक गोष्ट मात्र ती ऐकायला तयार नव्हती. मी म्हणायचो, नवे ब्लाऊज शिवतो, जुने घट्ट झालेत, दंडावर वळ उठतात. ती म्हणायची, “नको. नवं माप घेतलं की ते कायमचं होतं. मला जुन्यातच यायचंय.” टेप घेऊन मी जवळ गेलो तर हात झटकायची. म्हणूनच तो ब्लाऊज भर वर्गात फाटला.

दुसऱ्या दिवशी वर्गाची वेळ झाली तरी ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पीठ चोळायला बोलावलं तर म्हणाली, “ते पीठ आता पिठल्याला वापरा.” आणि दुपारी झोपली. चांगली घोरत झोपली.

मी ट्रंक उघडली. तिचे रोजच्या वापरातले ब्लाऊज बाहेर काढले. सगळे मीच शिवलेले. शिवताना आत दोन्ही बाजूंना कापड ठेवायची आमची रीत आहे, पुढंमागं सैल करता यावं म्हणून. मी एक ब्लाऊज घेतला, बाजूच्या शिवणी उसवल्या आणि दोन्हीकडून दोन सूत सोडून परत मारल्या. दोन सूत म्हणजे पाव इंच. फार नाही. घालणाऱ्याला मोकळं वाटेल, बघणाऱ्याला कळणार नाही. जुन्या शिवणीची टोचणं नखानं घासून बुजवली. आतलं कापड न विटलेलं, गडद असतं. ती पट्टी बरोबर काखेखाली लपेल अशी घेतली. इस्त्री फिरवली आणि होता तिथं ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ती दुकानाच्या दारात आली. “अहो, हा ब्लाऊज सैल झालाय.”

“बघू.” मी चष्मा लावून पाहिल्यासारखं केलं. “उतरलीस की गं थोडी.”

ती तशीच उभी राहिली. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

“हो का?” ती म्हणाली.

“मग! बगलेत बोट जातंय. मी सांगतो ना, माझी नजर आहे.”

“तुमची नजर म्हणजे काय,” ती म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं मागची कडी वाजली. ती वर्गाला गेली होती.

तेव्हापासून मी एकेक ब्लाऊज तसा करत गेलो. सगळे एकदम नाही. ती वर्गाला गेली की एखादा काढायचा, शिवणी सोडायच्या, ठेवून द्यायचा. पहिला पुन्हा घट्ट वाटायला लागला की त्याला अजून एक सूत. ती दुपारची झोपेनाशी झाली. भाकरी, कढण, चूर्ण, सगळं नेमानं चाललं. सकाळी पीठ चोळताना वर्गातल्या गोष्टी सांगायची. चौगुले बाई मुलींच्या शाळेतल्या कवायतीच्या निवृत्त शिक्षिका. गळ्यात अजून शिट्टी घालायच्या. कुणी श्वास सोडायला चुकलं की शिट्टी.

“आज माझ्याखालची एक घोंगडी काढली,” ती एकदा म्हणाली.

“कसली घोंगडी?”

“बसताना खाली घालतात. काही नाही, असंच.”

मी नीट ऐकलं नाही. नवरीचे ब्लाऊज होते हातात, आणि डोक्यात तिच्या निळ्या ब्लाऊजचा हिशेब. त्यात आता सोडायला कापडच उरलं नव्हतं.

वर्ग सुरू होऊन वर्ष झालं तेव्हा बाईंनी कार्यक्रम ठेवला. रविवारी सकाळी, आमच्या समाजाच्या कार्यालयात. नवऱ्यांनाही बोलावलं. आम्ही मागं खुर्च्यांवर ओळीनं बसलो. पुढं बायकांनी आसनं करून दाखवली, टाळ्या झाल्या. मग मंदाच्या नवऱ्यानं हमालाकडून एक काटा आणवून मध्ये ठेवला. बेदाण्याच्या पेट्या तोलायचा मोठा काटा, लाल आकडे सगळ्यांना दिसतील असा.

बाईंनी शिट्टी मारली. “आता प्रत्येकीनं यायचं. लाजायचं नाही. पतंगे वहिनी, आधी तुम्ही. यांचे ब्लाऊज बघा कसे सैल झालेत! मी नेहमी सांगते, काट्याआधी कपडे बोलतात.”

मी उभा राहिलो. “बाई, राहू द्या ना. कशाला ते वजनबिजन?”

“मास्तर, तुम्ही बसा. हा बायकांचा कार्यक्रम आहे.”

प्रभानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खाली बसायची खूण केली. मग ती काट्यावर चढली.

लाल आकडे पळाले आणि थांबले. वर्गात नाव घातलं तेव्हा होतं, त्याहून अर्धा किलो जास्तच.

बाईंची शिट्टी ओठापर्यंत गेली आणि तिथंच राहिली. मंदा म्हणाली, “काटा बिघडला असेल हो.” तिचा नवरा मागून म्हणाला, “छे! सकाळीच पेट्या तोलल्यात त्याच्यावर.” कुणीतरी फिसकन हसलं.

“मग या पेटीवरही भाव लिहा,” प्रभा म्हणाली, “आणि ठेवून द्या गोदामात. माल चांगला आहे.”

आता सगळ्याच हसल्या. ती उतरली. काटा जमिनीपासून बराच उंच होता. ती कुणाचा हात न धरता उतरली. मी ते पाहिलं, पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला एवढंच दिसत होतं की माझ्यामुळे ती चारचौघांत उघडी पडली.

घरी येताना ती पुढं चालत होती, मी मागं. काय बोलावं ते मी मनात जुळवत होतो. उद्यापासून ही परत पलंगावर, असंच मी धरून चाललो होतो. दुकानाचं कुलूप काढलं. ती आत आली. मागच्या खोलीत गेली नाही. मशीनपाशी थांबली.

“हे पोतं उचला.”

“अं?”

“पोतं उचला म्हणते.”

मी पोतं ओढून कपाटापाशी केलं. खालची सतरंजी धुळीनं भरली होती. तिनं ती पायानंच सरळ केली. मशीनच्या टेबलाला एक हात लावला, वाकली, दुसरा हात जमिनीला टेकला आणि सावकाश खाली बसली. आधी उजवा पाय आत घेतला. मग डावा. चेहरा जरा आवळला, श्वास सोडला. मांडी बसली.

मी बघतच राहिलो.

“हुकांची डबी कुठाय?” ती म्हणाली.

डबी आत पलंगावर होती. मी आणून दिली. ती म्हणाली, “बसा आता. डोक्यावर उभे राहू नका.”

मी मशीनवर बसलो. मशीनच्या सुईत दोरा ओवला. मग मीच म्हणालो, “प्रभा, तुझे ते ब्लाऊज…”

“माहिताय.”

“काय माहिताय?”

“दोन सूत. मग अजून एक. निळ्याला तर तुम्ही काठाला काठ लावलाय. एक शिंक आली तर तोही जाईल.”

“कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी. अहो, काखेखाली एवढी गडद पट्टी! जन्मभर दुसरं काय बघतेय मी? टेलरच्या बायकोला शिवणीत फसवता होय?”

“मग बोलली का नाहीस?”

ती हुकांच्या डबीत बोट फिरवत होती. “काय बोलायचं? तुम्ही चोरून उसवत बसला होता. म्हटलं, हा माणूस एवढं करतोय, आपण घरी कसं बसायचं? गेले वर्गाला. बाईंना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, मला बारीक नका करू, मला मांडी घालायचीय. बाई म्हणाल्या, दोन्ही होईल. एक झालं.” मग म्हणाली, “चार घोंगड्या होत्या खाली. एकेक काढत आणली. शेवटची मागच्या आठवड्यात काढली. तुम्हाला सांगणार होते, पण म्हटलं करूनच दाखवू.”

मी चष्मा काढून पुसला.

“आता टेप घ्या,” ती म्हणाली.

“कशाला?”

“माप घ्या माझं. आहे ते. चांगले सहा ब्लाऊज शिवा. असल्या तुकड्यांच्या कपड्यांत मी इथं बसायची नाही. गिऱ्हाइकं काय म्हणतील?”

मी टेप घेतला आणि तिच्याजवळ खाली बसलो. या वेळी नजर भलतीकडं ठेवली नाही. तिनं दोन्ही हात वर केले. छातीचं, कमरेचं, दंडाचं माप घेतलं. आकडा बोललो नाही. तिनंही विचारला नाही.

त्यानंतर चार वर्षं ती तिथं बसली. वजन पुढं थोडं उतरलं, परत थोडं चढलं. वैद्यांनी सांगितलेलं ती पाळायची, पेढा मात्र अर्धा खायची आणि अर्धा माझ्या तोंडात घालायची. वर्ग सोडला नाही. मंदालाही घोंगड्या घालून बसायला तिनंच शिकवलं. माझा डावा हात खाली जायचा आणि रिकामा होऊन वर यायचा.

मार्गशीर्षात लग्नाची कामं खूप असतात. असाच एक दिवस. जेवून आम्ही कामाला बसलो होतो. रस्त्यावर भांड्यांवर नाव घालणारा बसला होता, त्याची टकटक चालली होती. एका नवरीचा ब्लाऊज, डाळिंबी रंगाचा. मी शेवटची शिवण मारली, दोरा तोडला आणि हात खाली केला.

कुणी घेतला नाही.

मला वाटलं, सुई ओवत असेल. हात तसाच ठेवला. “अगं, धर की,” मी म्हणालो. बाहेरची टकटक ऐकू येत होती. हात अवघडला तरी मी मान वळवली नाही. ज्याला वळवायची सवय नाही त्याला ती वळवता येत नाही. शेवटी वळवली.

ती कपाटाला डोकं टेकून बसली होती. मांडीवर आधीचा ब्लाऊज होता, त्याचे दोन हुक लावायचे राहिले होते. सुई बोटांत होती. डोळे अर्धे मिटलेले.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, काही कळलंही नसेल. लोक म्हणाले, बसल्या जागी गेली, भाग्याची.

तिला झोपवायची वेळ आली तेव्हा बायका पुढं झाल्या. शेजारच्या वहिनी होत्या, चौगुले बाई होत्या, मंदाही होती. त्यांनी दोन्ही बाजूंनी धरलं. पाय अजून मांडीतच होते. वहिनी पाय ओढायला लागल्या तसा मी म्हणालो, “थांबा. ओढू नका. तिला दुखतं तिथं.”

त्या थांबल्या. मी खाली बसलो. आधी डावा पाय हातात घेतला, सावकाश बाहेर काढला आणि सरळ केला. मग उजवा.

दोन्ही गुडघे सहज मोकळे झाले. कुठं अडले नाहीत.